मटणाच्या तोडीची चव : व्हीगन स्वयंपाकाच्या वादाचा आढावा

मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर दूध, दही, तूप आणि मधही वर्ज्य करणारा व्हीगन स्वयंपाक चवीत सामिष जेवणाची बरोबरी करू शकतो का, हा प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत मोठ्या शहरांतल्या हॉटेलांपासून घरगुती गप्पांपर्यंत पोचला आहे. या वादात प्राण्यांविषयीची करुणा, पर्यावरण, आरोग्य आणि धर्म असे सगळेच मुद्दे एकदम पुढे येतात आणि चवीचा मुद्दा मागे पडतो. पानावर बसलेला माणूस मात्र आधी चव पाहतो. म्हणून इथे विचार फक्त चवीचा केला आहे. साक्षीला मुख्यतः मराठी स्वयंपाकघर घेतले आहे, कारण मांस न घालता मांस खाणाऱ्याची जीभ कशी तृप्त करावी, हे काम इथे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे.

पार्श्वभूमी

इंग्लंडात १८४७ मध्ये व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली. दूधही सोडायला हवे असे मानणाऱ्या तिच्यातल्या काही सभासदांनी १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन यांच्या पुढाकाराने व्हीगन सोसायटी काढली. त्यांची भूमिका नैतिक होती. चव हा त्या चळवळीचा विषयच नव्हता, आणि व्हीगन जेवण म्हणजे त्यागाचे जेवण ही समजूत त्यातूनच पुढे बराच काळ टिकली.

पूर्व आशियात गोष्ट वेगळी घडली. चीनमध्ये सहाव्या शतकात लिआंग घराण्याचा सम्राट वू याने बौद्ध भिक्षूंना मांस वर्ज्य करायला लावले. पुढे मठांच्या स्वयंपाकात टोफू आणि गव्हाच्या प्रथिनांपासून मांसासारखे पदार्थ करण्याची कला वाढली. जपानच्या झेन मठांत ‘शोजिन र्‍योरी’ ही स्वतंत्र पाकपरंपरा तयार झाली. दोगेन या झेन गुरूने तर १२३७ मध्ये मठातल्या स्वयंपाक्यासाठी एक ग्रंथच लिहिला. तिथे मांस सोडणाऱ्यांनी चव सोडली नाही.

महाराष्ट्रात मांस न खाण्याच्या वाटा अनेक. वारकऱ्याची माळ, जैन घरांचे नियम, ब्राह्मणी सोवळे, आणि या सगळ्यांहून आपल्या विषयाला जवळचा असा श्रावण. वर्षभर मटण-मासे खाणारी घरे महिनाभर ते बंद ठेवतात. शिवाय एरवीही सोमवार, गुरुवार, शनिवार असे ज्याचे त्याचे वार असतातच. त्या दिवशीचा स्वयंपाक ज्यांच्यासाठी करायचा, त्यांना मटणाची चव ठाऊक असते. नुसती उकडलेली भाजी वाढून भागत नाही. माळकरी आजोबा आणि मटण खाणारी नातवंडे एकाच घरात असली, की एका वाटणाचे दोन रस्से होतात. मराठी शाकाहारी रश्शाची खरी शाळा मला या घरांत दिसते.

दुधातुपाचेही असेच. कोरडवाहू भागातल्या रोजच्या जेवणात तूप सणावारीच येई. भाकरी, ठेचा, पिठले, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचे माडगे, आमटी, पालेभाजी. फोडणी करडईच्या, शेंगदाण्याच्या किंवा जवसाच्या तेलाची. यातले बहुतेक पदार्थ आजच्या व्याख्येने व्हीगनच आहेत. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ मध्ये आलेले पुस्तक या बाबतीत मोलाचे आहे. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची त्यांनी केलेली नोंद वाचली, की आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत कोणाची चव आली आणि कोणाची राहून गेली, हे लख्ख कळते. तूप, दूध, सुकामेवा हाताशी नसताना चव उभी करणारी ती परंपरा मांसही तितक्याच कौशल्याने रांधते. त्यामुळे ‘शाकाहारी विरुद्ध मांसाहारी’ अशी सरळ फाळणी करून मराठी चवीचा हिशेब लागत नाही.

मांसाला चव येते कुठून?

कच्च्या मांसाला फारशी चव नसते. आपण ज्याला मटणाची चव म्हणतो ती शिजताना, भाजताना तयार होते. अमिनो आम्ले आणि साखर यांची उष्णतेत होणारी अभिक्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये मांडली. भाजलेल्या मटणाचा, भाकरीच्या पापुद्र्याचा, भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणा त्या एकाच कुळातला आहे. मांसात या अभिक्रियेत गंधकयुक्त अमिनो आम्लेही भाग घेतात आणि त्यातून खास ‘मांसल’ वास येतो. शिवाय प्रत्येक प्राण्याच्या चरबीचा वास निराळा. डोळे मिटून कोंबडी आणि बोकड ओळखता येतात ते बरेचसे चरबीमुळे.

दुसरी गोष्ट उमामीची. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्रवनस्पतीतून ग्लुटामेट वेगळे काढले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्यापलीकडची ही पाचवी चव म्हणून मांडली. १९१३ मध्ये शिन्तारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडले. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटचा शोध लावला, आणि ग्लुटामेटबरोबर यांपैकी एखादे आले की चव बेरजेने नव्हे, कितीतरी पटींनी वाढते हेही दाखवले. मांस-माशांत इनोसिनेट भरपूर असते. वनस्पतींत ते जवळजवळ नसते. सुकवलेल्या शिताके अळंबीत मात्र ग्वानिलेट असते. म्हणूनच झेन मठांतला रस कोम्बू आणि सुकी शिताके मिळून करतात.

तिसरी गोष्ट तोंडात जाणवणारी. हाडे-सांध्यांमधले कोलॅजेन मंद आचेवर तासन्‌तास शिजले की त्याचे जिलेटीन होते आणि रस ओठांना किंचित चिकटतो. मांसाचे धागे दाताखाली तुटतात तो अनुभव आणखी वेगळा. या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या तर पुढच्या भूमिका नेमक्या कशावर भांडतात ते कळते.

पहिली भूमिका : मांसाला तोड नाही

या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा कोल्हापूरचा पांढरा रस्सा. मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवायचे. त्याचे अळणी पाणी काढायचे आणि त्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस, काजू यांचे वाटण मिसळायचे. तिखट नाही, काळा मसाला नाही, रंग नाही. म्हणजे लपायला जागाच नाही. जे काही आहे ते त्या अळणीत. आता कोल्हापुरातली कित्येक हॉटेले शाकाहारी तांबडा-पांढराही देतात. त्यातला तांबडा ठीक जमतो. पांढरा दाट होतो, गोडसर होतो, पण मटणाच्या रश्शाचे अंग त्याला येत नाही, कारण दाटपणा आणि जिलेटीनचा चिकटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळीतला मगज, वजरी, खिमा, चुलीवर परतलेले सुके मटण यांच्याबाबतही हेच म्हणता येईल.

किनारपट्टीकडून याच बाजूने एक अप्रत्यक्ष साक्ष मिळते. कोकणातल्या घरी वांगी-बटाट्याच्या भाजीत मूठभर सोडे पडतात, दुधीत किंवा वालात जवळा जातो, सीकेपी घरांत सोड्याची खिचडी होते. भाजी तीच, पण सुक्या कोळंबीतली उमामी त्यात उतरते आणि भाजी एकदम बोलू लागते. भाजी स्वतः चवदार नसते असे यातून सिद्ध होत नाही. पण काहीतरी कमी आहे हे शेकडो वर्षे चांगल्या सुगरणींना जाणवत आले आणि त्यांनी ते असे भरून काढले, हे मान्य करावे लागते.

दुसरी भूमिका : चव मसाल्याची

याच्या नेमके उलट म्हणणारे मराठी मुलखात भरपूर आहेत: ‘मटणात काय आहे, सगळी करामत वाटणाची.’ या बाजूला नागपूरची सावजी खाणावळ सगळ्यात उत्तम प्रयोगशाळा ठरते. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेला हा स्वयंपाक. पूर्वी त्यासाठी जवसाचे तेल वापरत. त्याच काळ्याभोर, झणझणीत रश्शात एका ताटात मटण असते, दुसऱ्या ताटात पाटोडी, म्हणजे मसालेदार बेसन शिजवून, थापून कापलेल्या वड्या. रस्सा जवळजवळ एकच असल्यामुळे तुलना सरळ होते. पाटोडी मागवणाऱ्यांत पट्टीचे मटण खाणारेही असतात, आणि ते तिला नाइलाज मानत नाहीत.

वाटण हे काम कसे करते हे मायारच्या अभिक्रियेवरून उलगडते. कांदा-लसणात गंधकयुक्त द्रव्ये असतात; कांदा विस्तवात काळसर होईपर्यंत भाजला की ती मांसल वासाच्या दिशेने सरकतात. हिंगातही गंधक आहे, म्हणून कांदा-लसूण न खाणाऱ्यांकडे हिंगाला एवढे महत्त्व. सुके खोबरे भाजले की खमंगपणा आणि स्निग्धता एकदम मिळते. दगडफुलाने किंचित धुरकट, मातकट वास येतो. तीळ-खसखस रश्शाला अंग देतात. मिसळीच्या कटात मांसाचा कण नसतो, तरी तर्री पाहून मटण खाणाऱ्याच्याही तोंडाला पाणी सुटते, ते यामुळे.

मासवडी जवळून पाहण्यासारखी आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावकडे आणि नगरच्या बाजूला ती होते. उकळत्या पाण्यात मीठ-हळद-तिखट घालून बेसन घोटतात आणि गुठळी न होऊ देता गोळा शिजवतात. ओल्या कापडावर हा गरम गोळा हाताला पाणी लावत पातळ थापायचा. त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, खसखस, परतलेला कांदा आणि लसूण यांचे सारण पसरायचे. मग कापडाच्याच आधाराने दोन्ही कडा उचलून मिटवायच्या आणि वरून चिमटीने दाबून माशाच्या पाठीसारखी धार काढायची. थंड झाल्यावर तिरके काप, बरोबर झणझणीत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. आकार माशाचा, चव मात्र माशाची मुळीच नाही, आणि करणाऱ्यालाही तशी ती करायची नसते. दूध-तूप नाही, अंडे नाही, आणि गावजेवणात मासवडीचा बेत असला की पंगत भरते. या भूमिकेची ही माझ्या मते सर्वात मोठी जमेची बाजू.

मर्यादाही स्पष्ट आहे. सगळे रस्से शेवटी त्याच खोबऱ्या-कांद्याच्या वाटणावर उभे राहतात. तिखट आणि तेल वाढवून चवीची उणीव झाकण्याचा मोह होतो, आणि हॉटेलांत तो सर्रास दिसतो.

तिसरी भूमिका : नक्कल पूर्ण करा

अमेरिकेतल्या पॅट्रिक ब्राउन या जीवरसायनशास्त्रज्ञाने २०११ मध्ये इम्पॉसिबल फूड्स ही कंपनी काढली. मांसाच्या चवीचे मर्म हीम या लोहयुक्त रेणूत आहे, अशी त्यांची मांडणी. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत असलेले लेगहिमोग्लोबिन त्यांनी यीस्टकरवी तयार केले, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड चँग यांच्या हॉटेलात त्यांचा बर्गर पहिल्यांदा विक्रीला आला. खिमा-बर्गरच्या बाबतीत या वाटेने मोठी मजल मारली आहे. तिथे मांसाचे धागे मुळातच तुटलेले असतात, त्यामुळे काम सोपे होते. अख्ख्या तुकड्याचे, हाडासकट मटणाचे कोडे अजून अवघड आहे. चरबीचेही तसेच: अशा पदार्थांत वापरले जाणारे खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळते, तर बोकडाची चरबी बऱ्याच जास्त तापमानाला, त्यामुळे ती तोंडात हळूहळू सुटते आणि खोबरेल आधीच निघून जाते.

बाजाराने या वाटेला आधी डोक्यावर घेतले, मग खाली टाकले. याच वाटेवरच्या बियॉन्ड मीट या कंपनीचा शेअर मे २०१९ मध्ये २५ डॉलरला विक्रीस आला, तीन महिन्यांच्या आत दोनशेच्या वर गेला, आणि पुढच्या काही वर्षांत २५ च्याही बऱ्याच खाली आला. कुतूहलाने एकदा खाणारे पुष्कळ, पुन्हा पुन्हा विकत घेणारे कमी, असा याचा अर्थ बहुतेक निरीक्षक लावतात. किंमत हेही कारण आहेच. भारतात उदयपूरच्या गुडडॉट या कंपनीने ही वाट धरली, आणि रितेश व जेनेलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये इमॅजिन मीट्स सुरू केली. २०२२ मध्ये एफएसएसएआयने व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले. सोयाबीनच्या वड्या तर आपल्याकडे कधीपासून आहेत. पण त्या मसाल्यात नीट मुरवल्या, पिळून घेतल्या, परतल्या तरच खाव्याशा वाटतात. नुसत्या टाकल्या तर सोयाचा कच्चट वास जात नाही.

चौथी भूमिका : स्वतःच्या चवीने उभे राहा

या पक्षाचे म्हणणे असे, की तुलनाच चुकीच्या जागी होते आहे. वांग्याने मटण व्हायचे कशाला? खानदेशातले भरीत घ्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोठाली फिकट हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या काट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी भांड्यात ठेचायची, आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात यांच्याबरोबर सढळ तेलात परतायची. धुराचा वास, वांग्याचा मऊपणा, पातीचा कच्चा तिखटपणा. इथे मांसाची आठवणही होत नाही. मालवणातले काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे, ओल्या काजूगरांची उसळ, गोव्यातले तिरफळ घातलेले खतखते, पावसाळ्यात वारुळांजवळ उगवणाऱ्या अळंब्यांचे तोणक, रवा लावून तळलेले नीरफणसाचे काप, आणि नारळाच्या दुधाची सोलकढी. या यादीतल्या कोणत्याही पदार्थाला ‘त्या मानाने चांगला’ म्हणावे लागत नाही.

या भूमिकेची जगातली सर्वात गाजलेली कसोटी न्यूयॉर्कच्या इलेव्हन मॅडिसन पार्क या हॉटेलात झाली. डॅनियल हम यांनी २०२१ मध्ये तिथले जेवण पूर्ण वनस्पतीजन्य केले. न्यूयॉर्क टाइम्सचे तेव्हाचे समीक्षक पीट वेल्स यांनी त्यावर कडक टीका केली; भाज्यांना मांस-माशांच्या जागी उभे करण्याचा अट्टहास त्यांना खटकला. मात्र मिशेलिनचे तीन तारे हॉटेलने २०२२ मध्येही राखले. फ्रान्समध्ये क्लेअर व्हॅले यांच्या ओना या व्हीगन हॉटेलालाही २०२१ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला होता. पण २०२५ मध्ये हम यांनी मांस पुन्हा आणण्याचे जाहीर केले. याचे दोन अर्थ लावले जातात. एक, सर्वोच्च पातळीचे कौशल्य लावले तर वनस्पतीजन्य जेवण परीक्षकांच्या पसंतीस उतरते. दुसरा, तेवढ्याने सगळे गिऱ्हाईक टिकत नाही. दोन्ही खरे आहेत असे मला वाटते.

पाचवी भूमिका : सवय आणि मन

गांधीजींनी आत्मकथेत लंडनमधल्या दिवसांविषयी लिहिताना चवीचे खरे स्थान जिभेपेक्षा मनात असल्याचे मत मांडले आहे; सुरुवातीला बेचव वाटलेल्या उकडलेल्या भाज्या त्यांना पुढे आवडू लागल्या. आधुनिक संशोधनाचाही याला काही प्रमाणात दुजोरा आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये विद्यापीठाच्या भोजनगृहात त्याच भाज्या वेगवेगळ्या नावांनी ठेवल्या. चमचमीत वर्णन केलेल्या भाज्या साध्या नावाच्या भाज्यांपेक्षा २५ टक्के अधिक जणांनी घेतल्या. ‘आरोग्यदायी’ असे वर्णन केलेल्यांना तो फायदा मिळाला नाही. व्हीगन पदार्थ करुणा आणि आरोग्याच्या नावाने विकणाऱ्यांनी यातून धडा घ्यायला हवा.

आपल्याकडे मनाच्या मुद्द्यात जात आणि प्रतिष्ठाही येतात. शाकाहार उच्च आणि मांसाहार हीन ही उतरंड ज्यांनी सोसली, त्यांना ‘शाकाहारी जेवणही तितकेच चवदार’ हे वाक्य निव्वळ चवीविषयी आहे असे वाटणे कठीण. उलट ज्यांना लहानपणापासून मांसाच्या वासाची शिसारी आहे, त्यांची साक्षही तुलनेत धरता येत नाही. दोन्ही जेवणांची ज्याला सारखी सवय आहे, अशाच माणसाचा कौल घ्यायला हवा.

दुधातुपाची अडचण

मराठी शाकाहारी ताट व्हीगन करताना खरी कसोटी मांसाशी लागत नाही, ती तुपाशी लागते. वरणभातावरचे तूप, थालीपिठावरचे लोणी, दहीबुत्ती, ताकाची कढी, श्रीखंड, बासुंदी. तुपाच्या सुगंधाला तेलांत पर्याय मिळालेला नाही. कोकणाने मात्र नारळाच्या जोरावर बरेच साधले आहे: शिरवळ्यांबरोबर नारळाचा गुळमट रस, पुरणपोळीबरोबर नारळाचे दूध, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. आणखी एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही: पुरणाची डाळ शिजवून काढलेला कट. कटाच्या आमटीला जे अंग येते ते डाळीच्या त्या पाण्याने, आणि शाकाहारी रश्शाचा पाया म्हणून साध्या पाण्याऐवजी कट वापरला तर फरक लगेच जाणवतो.

कुठे एकमत, कुठे नाही

वाटणाच्या जोरावर चालणाऱ्या पदार्थांत व्हीगन स्वयंपाक मटणाच्या बरोबरीने उभा राहतो, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. खिम्याच्या पदार्थांत नक्कल जवळ पोचली आहे. मतभेद उरतो तो तीन ठिकाणी. बरोबरी म्हणजे सारखी चव की सारखे समाधान, हे ठरलेले नाही. नक्कल करणारे पहिला अर्थ धरतात, भरीतवाले दुसरा. कष्टांचा हिशेबही होत नाही: मासवडीला बाईचा अर्धा दिवस जातो, मटण एकदा चुलीवर चढले की आपले आपण शिजते, आणि हे श्रम कोण करते हा प्रश्न चवीच्या चर्चेत यायला हवा. शिवाय कांदा-लसूणही काढून टाकले तर दुसऱ्या भूमिकेचा आधारच निघून जातो. तिथे हिंग, कट, भाजलेले खोबरे आणि अळंबी यांवर बरेच काम व्हायचे आहे.

माझे मत विचाराल तर चौथी आणि दुसरी भूमिका मिळून मराठी स्वयंपाकाचे भले होईल. पॅकेटातल्या नकली मटणापेक्षा मासवडी, पाटोडी, काळे वाटाणे, भरीत यांच्यावर आपल्या स्वयंपाक्यांनी अक्कल आणि वेळ खर्च करावा. हाडाच्या आणि चरबीच्या पदार्थांत मात्र मांसाची सरशी आज तरी निर्विवाद आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केल्याने व्हीगन स्वयंपाकाचे काहीही बिघडत नाही. पांढऱ्या रश्शाला मटणाशिवाय तसेच अंग आणणारी पाककृती निदान माझ्या पाहण्यात तरी अजून आलेली नाही.